मधल्या रांगेतली कॅसेट

दर रविवारी सकाळी साडेनऊला रंगनाथ गांगुर्डे पंचवटीतल्या आपल्या दुकानाला कुलूप घालतो आणि स्कूटरवरून नदी ओलांडून सातपूरला शेखर पगारेच्या घरी जातो. पाऊस असो, लग्नसराई असो, सोळा वर्षांत हा नेम फारसा चुकलेला नाही. साठी ओलांडलेले हे दोन गृहस्थ पुढच्या खोलीत बसून करतात काय, तर गिटार ऐकतात. तीही साधीसुधी नाही. परदेशातल्या कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी हॉलमध्ये पन्नास वर्षांपूर्वी कुणी तरी कोटाच्या खिशात टेपरेकॉर्डर लपवून नेला, त्यावर उतरलेली ब्लूज-रॉकची मैफल. अर्धा वेळ खरखर, पाव वेळ टाळ्या, आणि उरलेल्या पाव वेळात, नशीब असेल तर, गिटार.

शेखरची बायको मोहिनी या प्रकाराला गिरणी म्हणते. स्कूटर फाटकाशी थांबली की ती आतूनच बोलते, "या भाऊजी, जय भीम. लावा तुमची गिरणी, मी चहा टाकते." आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेते. तिचं तरी काय चुकलं? त्या आवाजातून गिटार शोधायची म्हणजे तांदूळ निवडण्यासारखं आहे, आणि इथं तांदळापेक्षा खडेच जास्त.

शेखरला मात्र हेच आवडतं. स्टुडिओत घासूनपुसून लख्ख केलेलं रेकॉर्डिंग त्याला नको असतं. त्याचा खेळ वेगळा. आधी माइक कुठे होता ते ओळखायचं. "हा गडी खांबामागे बसलाय. ऐक, ड्रमचा आवाज वळसा घालून येतोय." मग आजूबाजूची माणसं ओळखायची. एका मैफलीत एक जण पहिल्यापासून शेवटपर्यंत खोकतो, आणि गिटारवाला संथ चालीवर आला की तेवढ्यापुरता थांबतो. शेखरनं ती मैफल निदान चाळीस वेळा लावली असेल.

"त्याला कळत होतं रे," तो म्हणतो. "खोकला दाबून धरणं सोपं नाही."

रंगनाथ मान हलवतो. आयुष्यभर त्यानं साऊंडचं काम केलं. जयंतीच्या मिरवणुका, कॉलेजची गॅदरिंगं, लग्नं, सभा. आता तो धंदा त्याचा मुलगा अश्विन बघतो आणि रंगनाथ दुकानात बसून जुने ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो, लोकांच्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देतो. त्यामुळे माइक कुठे होता हे त्याला शेखरच्या आधी कळतं. पण तो गप्प राहतो आणि शेखरला ओळखू देतो. गप्प राहण्याची त्याला सवयच आहे. एकदा एका छोट्या क्लबातलं रेकॉर्डिंग लागलं होतं, आवाज अगदी स्वच्छ, गायक खणखणीत, आणि गिटार कुठे तरी तळाशी. शेखर हसून म्हणाला, "गायक भारी आहे. गिटारवाला माझ्यासारखा." रंगनाथनं तेव्हा चहात साखर कमी आहे अशी तक्रार करून विषय बदलला. साखर बरोबर होती.

ऐकताना शेखरचा डावा हात मांडीखाली असतो. दोन हजार नऊच्या ऑगस्टात कारखान्यातल्या प्रेसखाली त्या हाताची मधली दोन बोटं गेली. त्या वेळी या दोघांचं बोलणं बंद होतं. तरीही बातमी कळल्यावर रंगनाथ दवाखान्यात गेला आणि खाटेशेजारी नुसता उभा राहिला. शेवटी शेखरच बोलला. बँडेज बांधलेला हात जरा वर उचलून म्हणाला, "गेली तर गेली. होती तेव्हा तरी या बोटांनी काय असे दिवे लावले होते?" आणि हसला. त्या हसण्यावर दोघांची दोस्ती पुन्हा जुळली. पुढच्याच महिन्यात रविवार सुरू झाले.

रंगनाथला मात्र त्या दिवशी हसू आलं नव्हतं, आणि त्याला कारण होतं.

नव्वदच्या दशकात नाशकात 'दहावा मैल' नावाचा पाच पोरांचा ब्लूज-रॉक बँड होता, हे आज कुणाला सांगितलं तर थाप वाटेल. आग्रा रोडवरच्या दहाव्या मैलाजवळ द्राक्षं पॅक करायची एक शेड होती, हंगाम संपला की रिकामी. तिथं तालीम चालायची, म्हणून ते नाव. एकाचा भाऊ बोटीवर नोकरीला होता, त्यानं परदेशी मैफलींच्या कॅसेटी आणलेल्या, त्यांच्या नकलांच्या नकला ऐकून ही पोरं शिकली. लखन गायचा. तो रंगनाथचा मामेभाऊ. शेखर गिटार वाजवायचा आणि रंगनाथ साऊंड बघायचा. पाचही जणांत एक गोष्ट ठरलेली होती. भांडण कितीही होवो, सुरात कोण होतं आणि कोण नव्हतं यावर रंगाचा कान शेवटचा.

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम झाला. मोठा म्हणजे तीनशे खुर्च्यांचा हॉल. पुढे मुंबईला स्पर्धेला जायचं ठरत होतं आणि तिथं पाठवायला टेप हवी होती, म्हणून रंगनाथनं मिक्सरवरून, म्हणजे सगळ्या माइकच्या वायरी जिथं येतात त्या पेटीवरून, थेट रेकॉर्डिंग केलं. चार दिवसांनी लखनच्या घरी सगळे ती ऐकायला बसले. लखनचा आवाज आरशासारखा स्वच्छ. ड्रम ठीक. आणि शेखरची गिटार अशी, की शेजारच्या घरात कुणी तरी वाजवतंय आणि मधली भिंत चांगली जाड आहे.

शेखरचा चेहरा उतरला. मग लाल झाला. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "रंगा, तू मला दाबलंस. लखन तुझा मामेभाऊ पडला ना."

खरी गोष्ट साधी होती. शेखरचा ॲम्प स्टेजवरच इतका मोठा वाजत होता, की त्या लहान हॉलमध्ये त्याची गिटार स्पीकरमधून वेगळी सोडायची गरजच नव्हती. लोकांच्या कानावर ती थेट आदळत होती. म्हणून रंगनाथनं ती मिक्सरमध्ये जेमतेम घेतली, आणि सगळी जागा लखनच्या गळ्याला दिली. लहान हॉलमध्ये कुठलाही साऊंडवाला हेच करतो. फक्त त्याच मिक्सरवरून टेप करायची असेल, तर गिटारची वेगळी सोय करावी लागते. ती करायची रंगनाथ विसरला. चूक त्याची होती, आणि टेप सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटातच ती त्याच्या लक्षात आली होती. तो सांगणारच होता. पण मामेभावाचं नाव निघालं आणि त्याचं डोकं सटकलं. धंद्यात हरामखोरी केली असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

तो म्हणाला, "मिक्सर खोटं बोलत नाही. जेवढं वाजलं, तेवढं आलं."

एवढंच. शेखर उठून गेला. तो भांडला असता तर बरं झालं असतं, पण त्यानं विश्वास ठेवला. रंगाचा कान शेवटचा. आठ दिवसांत त्यानं गिटार एका लग्नाच्या बँडवाल्याला विकून टाकली आणि कारखान्यात नोकरी धरली. मुंबईची स्पर्धा राहिली, बँड मोडला. रंगनाथ रोज म्हणायचा, उद्या जाऊन सांगू. पहिल्या महिन्यात अभिमान आडवा आला, वर्षानंतर लाज. शेखरचं लग्न झालं, मुलगी झाली. मग बोटं गेली, आणि त्यानंतर तर सांगण्यात काही अर्थच उरला नाही असं रंगनाथनं स्वतःला पटवून दिलं.

हे सगळं असंच दडपलं गेलं असतं. पण गेल्या बुधवारी दुपारी शेखरची मुलगी वेदिका दुकानात आली आणि तिनं पिशवीतून एक कॅसेट काढून काउंटरवर ठेवली.

"काका, ही चालते का बघा ना. नामपूरला आत्याच्या कपाटात सापडली."

ज्योत्स्ना ही शेखरची थोरली बहीण. नामपूरच्या शाळेत शिक्षिका होती, लग्न केलं नाही, म्हाताऱ्या आईला शेवटपर्यंत सांभाळलं. या उन्हाळ्यात ती गेली. कॅसेटवर तिच्या वळणदार, फळ्यावरच्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'शेखरचा कार्यक्रम. आईसाठी.'

रंगनाथनं ती उलटसुलट केली. "हिच्यात काय आहे, तुला माहीत आहे का?"

"आत्यानं एकदा सांगितलं होतं. आजी अंथरुणाला खिळलेली, कार्यक्रमाला येऊ शकत नव्हती, म्हणून आत्या शाळेचा टेपरेकॉर्डर मागून घेऊन आली होती. मांडीवर ठेवून बसली म्हणे. आजी रोज दुपारी ती लावून झोपायची." वेदिका हसली. "पण पप्पांना बोलू नको म्हणाली. गिटारचा विषय काढला की ते ताटावरून उठून जायचे ना तेव्हा. आता नाही जाणार. रविवारी तुम्ही दोघं बसता, तेव्हाच लावा. मला आहे परीक्षा, पण तुम्ही लावा."

ती गेल्यावर रंगनाथनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं. टेपडेकचं हेड स्पिरिटनं पुसलं, कॅसेटची आकसलेली पट्टी हलक्या हातानं सरळ केली आणि बटण दाबलं. सुरुवातीला नुसता कल्ला. खुर्च्या ओढल्याचा आवाज, कुणाचं तरी तान्हं रडतंय, कुणी तरी ओरडतंय, "ओ, बसा की खाली, दिसंना." लखन गातोय, पण शब्द कळत नाहीत, सगळं घोंगडीखालून आल्यासारखं. रंगनाथच्या जिवात जीव आला. काही नाही यात, त्याला वाटलं.

आणि मग लखन थांबला आणि गिटार आली.

तो उठून उभाच राहिला. त्या दिवशी हॉलमध्ये त्यानं हे ऐकलं होतं, पण तेव्हा त्याचं लक्ष मिक्सरच्या काट्यांवर होतं, आणि नंतर सत्तावीस वर्षं त्यानं आठवायचं टाळलं होतं. शेखर घाई करत नव्हता. एक सूर घ्यायचा, तार ओढून त्याला वर न्यायचा, तिथं धरून ठेवायचा, आणि लोकांना वाटावं आता हा उतरणार, तेव्हा आणखी थोडा वर. आवाज फाटत होता, शाळेच्या त्या गरीब टेपरेकॉर्डरला तो झेपत नव्हता, तरी भिंती हलवणारी ती गिटार जशीच्या तशी त्यात येऊन बसली होती. तान्हं रडायचं थांबलं होतं. आणि अगदी माइकजवळ, ओठ लावून बोलल्यासारखा ज्योत्स्नाचा हळू आवाज आला, आईच्या अहिराणी बोलीत, "आई, आते आपला शेखर वाजाडी ऱ्हायना." थोड्या वेळानं पुन्हा, "मांगना लोके बी उभा व्हई ग्यात, आई."

रंगनाथनं टेप बंद केली. तो स्टुलावर बसला. त्याला आनंद झाला नाही, हे त्याचं त्यालाच विचित्र वाटलं. त्याला भीती वाटत होती. दोस्ती जाईल ही भीती होतीच, साठीनंतर नवा दोस्त कुठून आणायचा? पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. शेखर त्या दोन बोटांचं दुःख करत बसला नाही, कारण आपण सुमार होतो हे त्यानं मनाशी धरलं होतं. त्या एका समजुतीवर तो सोळा वर्षं हसतखेळत जगला. आता त्याला जाऊन सांगायचं, की बाबा, तू सुमार नव्हतास, तुझ्यासारखा या गावात दुसरा नव्हता? म्हणजे त्याची बोटं आज नव्यानं तोडायची. खोटं बोलून एकदा नुकसान केलं, आता खरं बोलून दुसऱ्यांदा करायचं का?

गुरुवारी संध्याकाळी वेदिकाचा फोन आला. "काही निघालं का काका?"

"पट्टीला बुरशी आहे," रंगनाथ म्हणाला. "बघतो. सांगता येत नाही."

बुरशी नव्हती. फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची किळस आली. तरीही हा मार्ग उघडा आहे, या विचारानं त्या दिवशी त्याला बरी झोप लागली.

शुक्रवारी त्यानं अश्विनला ती टेप कॉम्प्युटरवर घ्यायला सांगितली. कारण काय, तर ऐकवायचीच झाली तर निदान नीट तरी ऐकवू. अश्विन हुशार आहे. तासाभरात त्यानं खरखर काढली, तान्ह्याचं रडणं काढलं, खुर्च्या काढल्या, लखनचे शब्दसुद्धा बऱ्यापैकी वर आणले. "बाबा, ऐका आता. एकदम क्लीन."

रंगनाथनं हेडफोन लावला. खरंच स्वच्छ होतं. ज्योत्स्नाची कुजबुज गेली होती. आणि खरखरीबरोबर गिटारचा तो फाटका, रुंद आवाजही निघून गेला होता. शेखर परत शेजारच्या घरात जाऊन बसला होता.

रंगनाथ पडद्याकडे बघत राहिला. आपण काय करतोय ते त्याला तेव्हा लख्ख कळलं. स्वतःला कितीही चांगलं कारण दिलं तरी हा दुसरा कार्यक्रम होता, आणि मिक्सरवर पुन्हा आपणच बसलो होतो.

"पुसून टाक हे," तो अश्विनला म्हणाला. "मूळ कॅसेट आहे तशी दे इकडे."

"अहो, पण किती घाण आवाज आहे तिचा."

"असू दे."

रविवारी तो दहाला पोचला. मोहिनी नेहमीप्रमाणे गिरणी लावा म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. शेखर सोफ्यावर बसला होता, डावा हात मांडीखाली. रस्त्यानं येताना रंगनाथनं चार वाक्यं ठरवून ठेवली होती. दारातून आत पाऊल टाकताच चारही गेली. त्यानं काही न बोलता कॅसेट काढली, लेबल तळहातानं झाकून टेपमध्ये घातली आणि बटण दाबलं. इतक्या वर्षांनी धीर करून आला, तरी ऐन वेळी पुन्हा पळवाट काढलीच.

शेखरला संशय यायचं कारण नव्हतं. हा त्यांचा खेळच होता. रंगनाथनं पट्टी थोडी पुढे घेऊन ठेवली होती, जिथं लखन थांबतो आणि गिटार सुरू होते तिथं. शेखरनं डोळे मिटले.

"खुर्च्यांमध्ये आहे माइक," तो म्हणाला. "मधली रांग असणार. कुणाच्या तरी मांडीवर." मग तो ऐकत राहिला. मिनिटभरानं त्याच्या भुवया वर गेल्या. "हा कोण आहे रे?"

रंगनाथनं आवाज जरा वाढवला.

"थांब, सांगू नको. गोरा नाही हा. यांच्यासारखी तार ओढतो, पण सोडतो वेगळी. बघ, उतरताना सनईसारखा उतरतो." शेखर पुढे सरकून बसला. "आवाज काय बेकार आहे. पण हा माणूस ऐक. किती थांबतोय. भीती नाही त्याला. आपल्याला असं कधी..." तो थांबला. कपाळावर एक आठी आली. काही तरी ओळखीचं त्याच्या कानाला लागलं होतं आणि ते काय हे अजून कळत नव्हतं.

तेवढ्यात ज्योत्स्ना बोलली. "आई, आते आपला शेखर वाजाडी ऱ्हायना."

शेखरनं डोळे उघडले. बहिणीचा आवाज सहा महिन्यांनी कानावर आलेला, आणि त्यात आपलं नाव. तो टेपकडे बघत राहिला. गिटार वर चढत होती. मागचे लोकही उभे राहिले असं ज्योत्स्ना आईला सांगत होती. हॉलमध्ये कुणी तरी शिट्टी वाजवली, मग टाळ्या सुरू झाल्या आणि त्या थांबेचनात.

रंगनाथनं टेप थांबवली.

"मी खोटं बोललो होतो," तो म्हणाला. "लखनच्या घरी. तुझा ॲम्प स्टेजवर एवढा मोठा वाजत होता की मी तुला मिक्सरमध्ये घेतलंच नव्हतं, म्हटलं तर नावाला. हॉलमध्ये हे वाजत होतं, आत्ता ऐकलंस ते. टेपमध्ये आलं नाही ती माझी चूक. तू लखनचं नाव काढलंस, मला राग आला आणि मी तसं बोललो."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"तुला कधी कळलं होतं?" शेखरनं विचारलं. आवाज साधाच होता.

"तेव्हाच. तू बोलायच्या आधी."

"आणि तरी तसं बोललास."

"हो."

"आणि सोळा वर्षं इथं बसून चहा पितोयस."

"हो."

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. मोहिनी दारात उभी होती, हाताला पीठ लागलेलं. तिनं किती ऐकलं कोण जाणे, पण टाळ्या तिनं ऐकल्या होत्या. ती नवऱ्याला म्हणाली, "हे तुम्ही वाजवलंय?"

शेखरनं तिच्याकडे पाहिलं. पण तो बोलला रंगनाथशी.

"अठ्ठ्याण्णवचा डिसेंबर ते नऊचा ऑगस्ट. किती झाले? दहा वर्षं आठ महिने." त्यानं आवाज चढवला नाही. "ही या घरात आली तेव्हा माझी दहाही बोटं शाबूत होती, रंगा. पोरगी पहिलीत गेली तेव्हा शाबूत होती. आई होती तोवर तर होतीच. ती तिकडे नामपूरला हे लावून झोपायची, आणि मी इथं कुणाला गिटार येते हेसुद्धा सांगत नव्हतो. बोटं मशीननं नेली, त्याचं मला काही नाही. पण ही दहा वर्षं मशीननं नाही नेली."

रंगनाथ म्हणाला, "माफ कर." तो शब्द त्याच्या तोंडून निघाला तसा त्यालाच फार लहान वाटला. यापुढे इथं बसण्यात अर्थ नव्हता. तो उठला, टेबलावरचं हेल्मेट उचललं.

"बस," शेखर म्हणाला.

"शेखर, मी..."

"बस म्हणतोय ना. माफ केलं असं म्हटलेलं नाही मी. कॅसेट संपलेली नाही अजून."

रंगनाथ बसला. शेखरनं वाकून पट्टी मागे घेतली, अगदी सुरुवातीपर्यंत, खुर्च्या आणि तान्ह्याच्या रडण्यापर्यंत. "ये, इथं जवळ बस," तो मोहिनीला म्हणाला. ती तशीच पिठाच्या हातांनी येऊन सोफ्याच्या कडेला टेकली. "पहिल्यांदा लखन गातो, तिकडे लक्ष देऊ नको. गचाळ आवाज आहे, आधी काही कळणार नाही. रंगा, तू सांग हिला, कुठे काय वाजतंय. तुझा कान आहे ना शेवटचा."

त्यात टोमणा होता आणि तो रंगनाथला बरोबर लागला. तरी त्यानं सांगायचं ठरवलं. निदान आज तरी, एका माणसाला तरी नीट सांगायचं. लखन थांबला, गिटार आली, आणि रंगनाथ घसा खाकरून पुढे झुकला. "वहिनी, हा आत्ताचा जो सूर आहे ना, तो..."

मोहिनीनं त्याच्याकडे न बघता पिठाचा हात वर केला आणि त्याला गप्प केलं. तिला ऐकायचं होतं.